भिंतीच्या दोन तारखा

रिकाम्या प्लॉटवर इमारत बांधायची असली की नकाशाचं काम सरळ असतं. कागदावर रेघ आहे, म्हणजे तिथे भिंत उभी करायची. घोळ सुरू होतो तो दुरुस्तीत. समजा, दादरच्या एखाद्या जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत पाडायची, बाथरूमची भिंत दोन फूट सरकवायची आणि घरची माणसं तिथेच राहणार म्हणून धूळ अडवायला महिनाभर प्लायवूडचं पार्टिशन घालायचं. आता नकाशातल्या रेघांना चार अर्थ आले. काही भिंती आहेत तशा ठेवायच्या, काही पाडायच्या, काही नव्याने बांधायच्या आणि एक बांधून पुन्हा काढून टाकायची. घण घेऊन आलेल्या माणसाला यातली कोणती कुठली हे कळलं नाही, तर जे व्हायचं ते दहा मिनिटांत होऊन जातं.

महापालिकेत नकाशे मंजूर करून घेणाऱ्यांना यावरचा एक तोडगा पूर्वीपासून पाठ आहे. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये नकाशे कसे रंगवायचे याचा तक्ताच दिलेला आहे. पांढऱ्या कागदावर उभं असलेलं बांधकाम काळ्या बाह्यरेषेत दाखवायचं, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी, नवं बांधकाम लाल रंग भरून आणि ड्रेनेजची लाइन लाल तुटक रेषेने. ब्लूप्रिंट आणि अमोनिया प्रिंट यांच्यासाठी तक्त्यात वेगळे रकाने आहेत. ट्रेसिंगवरून प्रत काढली की तिच्यात मूळ रंग उतरत नसत, त्यामुळे ते प्रत्येक प्रतीवर हाताने भरावे लागत. सबमिशनच्या आदल्या रात्री पिवळी-लाल पेन्सिल घेऊन बसणं हे आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या सगळ्यात ज्युनियर माणसाचं काम असे.

ही रंगांची जोडी काही फक्त आपल्याकडची नाही. इटलीत दुरुस्तीच्या तुलनात्मक नकाशांना सरळ ‘पिवळे आणि लाल’ असंच म्हणतात. पाडकाम पिवळं, नवं काम लाल. जर्मनीतही तसंच. आणि जुनं-नवं एकाच कागदावर मांडण्याची गरज तर त्याहूनही जुनी आहे. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाची पायाभरणी १८ एप्रिल १५०६ रोजी झाली, तेव्हा त्या जागेवर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, हजाराहून जास्त वर्षं जुनं चर्च उभं होतं. नव्या इमारतीचा पहिला वास्तुविशारद ब्रामान्ते. त्याचा लाल खडूतला एक आराखडा फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहात ‘२० ए’ या क्रमांकाने ठेवलेला आहे. त्यात जुन्या चर्चचा आराखडा, पंधराव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेलं वेदीमागचं बांधकाम आणि ब्रामान्तेची नवी योजना अशा तिन्ही गोष्टी एकमेकींवर काढलेल्या दिसतात. (एवढं जुनं चर्च पाडायला काढल्याबद्दल लोकांनी ब्रामान्तेला ‘मास्त्रो रुइनान्ते’ असं नाव ठेवलं होतं. आपण ‘उस्ताद पाडापाडे’ म्हटलं असतं.)

पिवळ्या रंगाची एक अडचण साइटवर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साइटवर पोचते ती बहुधा नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स, आणि झेरॉक्समध्ये फिकट पिवळा सगळ्यात आधी नाहीसा होतो. म्हणून रंगाच्या जोडीला रेषेची भाषाही तयार झाली. पाडायची भिंत तुटक रेषेत किंवा रेषेवर बारीक फुल्या मारून, राहणारी भिंत बारीक किंवा करड्या रेषेत, नवी भिंत जाड आणि भरीव. पाडकाम आणि पुनर्बांधणी नकाशात कशी दाखवावी यासाठी आयएसओने १९८३ मध्ये ७५१८ क्रमांकाचं स्वतंत्र मानक काढलं. म्हणजे संगणक ऑफिसात स्थिरावण्याआधीच ही बाब जगाने गंभीरपणे घेतली होती.

१९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि पेन्सिलची जागा लेयरने घेतली. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. पाडायच्या भिंती एका थरावर, नव्या दुसऱ्यावर. हवा तो थर चालू करायचा, नको तो बंद. प्रत्येक ऑफिस थरांना आपापल्या मनाने नावं देऊ लागलं, तेव्हा १९९० मध्ये अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेने लेयरच्या नावांचे नियम काढले. त्या नियमांच्या पुढच्या आवृत्त्यांत नावाच्या शेवटी स्थिती सांगणारं एक अक्षर जोडायची पद्धत आली. ‘एन’ म्हणजे नवं, ‘ई’ म्हणजे राहणारं जुनं, ‘डी’ म्हणजे पाडायचं, ‘टी’ म्हणजे तात्पुरतं. आणखीही अक्षरं आहेत, पण रोजच्या कामात या चारांवर भागतं. आपल्याकडे लेयरला पुढे जवळजवळ कायद्याचं वजन आलं. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सने तयार केलेली ऑटोडीसीआर ही प्रणाली महापालिकांमध्ये नकाशे तपासू लागली, आणि ती रेघ कशाची आहे हे ओळखते लेयरवरून. चुकीच्या लेयरवर पडलेली भिंत तिच्या हिशेबात भलतंच काहीतरी असते.

तरीही ऑटोकॅडमधली भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. ती पाडायची आहे हे त्या रेघांना ठाऊक नसतं. त्या फक्त तशा नावाच्या थरावर बसलेल्या असतात. व्यवहारात बहुतेक ऑफिसं एकाच मजल्याच्या तीन प्रती करतात. ‘आहे ती स्थिती’, ‘पाडकाम’ आणि ‘प्रस्तावित’. पहिले दोन दिवस तिन्ही एकमेकींशी जुळतात. मग मालक म्हणतात, बाथरूमची भिंत दोन नाही, दीड फूटच सरकवा. बदल तिसऱ्या प्रतीत होतो, दुसरीत करायचा राहतो. पाडकामाच्या नकाशात एक भिंत पडते आणि बांधकामाच्या नकाशात तीच जशीच्या तशी उभी असते.

रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरने हा प्रश्न ज्या प्रकारे सोडवला, ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० मध्ये आली. २००२ मध्ये ऑटोकॅडच्याच कंपनीने, म्हणजे ऑटोडेस्कने, ते विकत घेतलं. यात भिंत म्हणजे रेघा नसून जाडी, उंची, थर आणि साहित्य असलेली वस्तू असते. आणि गंमत म्हणजे या वस्तूवर ‘जुनी’, ‘नवी’ किंवा ‘पाडायची’ असा शिक्का मारायची सोयच नाही. प्रत्येक भिंतीला दोन नोंदी असतात. ती कोणत्या टप्प्यात बांधली आणि कोणत्या टप्प्यात पाडली. ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या वहीत जशा दोन तारखा असतात, तशाच. दुसरी नोंद कोरी असेल तर भिंत अजून उभी आहे.

मग ती जुनी की नवी हे कसं ठरतं? तर तुम्ही कोणत्या काळात उभे राहून बघता यावरून. रेव्हिटमधल्या प्रत्येक नकाशाला, म्हणजे व्ह्यूला, स्वतःचा एक टप्पा नेमून दिलेला असतो. भिंत त्या टप्प्यात बांधलेली असेल तर ती त्या नकाशापुरती नवी. आधीच्या टप्प्यात बांधलेली आणि अजून उभी असेल तर जुनी. आधी बांधलेली आणि याच टप्प्यात पाडलेली असेल तर ती पाडायची भिंत. बांधली आणि पाडली दोन्ही याच टप्प्यात, तर तात्पुरती. आपलं प्लायवूडचं पार्टिशन ते हेच. आणि आधीच्याच एखाद्या टप्प्यात पाडून झाली असेल तर ती त्या नकाशात दिसतच नाही.

नवी फाइल उघडली की नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये दोन टप्पे तयार असतात. ‘एक्झिस्टिंग’ आणि ‘न्यू कन्स्ट्रक्शन’. आपल्या फ्लॅटमधली स्वयंपाकघराची भिंत पहिल्यात जन्मते, दुसऱ्यात पडते. दुसऱ्या टप्प्याच्या नकाशात ती तुटक रेषेत दिसेल. पण तोच नकाशा पहिल्या टप्प्यावर नेला की ती ठळक, पूर्ण काळ्या रेषेत उभी राहते, कारण त्या टप्प्यात उभं राहून पाहिलं तर ती रेव्हिटच्या हिशेबाने चक्क ‘नवी’ आहे. साठ वर्षांची भिंत नवी कशी, या प्रश्नाशी शिकाऊ मुलं हमखास अडखळतात. उत्तर हेच, की हे सॉफ्टवेअर भिंतीचं वय विचारत नाही, तुमचा टप्पा विचारतं.

टप्पा ठरला की दुसरी कळ फेज फिल्टरची. चार स्थितींपैकी प्रत्येकीसाठी हा फिल्टर तीनपैकी एक हुकूम देतो. नेहमीच्या रूपात दाखव, ठरवून दिलेल्या वेगळ्या रूपात दाखव, किंवा दाखवूच नकोस. दुरुस्तीच्या कामाला लागणारे तीनही नकाशे यातून एकाच मॉडेलवरून निघतात. आहे त्या स्थितीसाठी टप्पा ‘एक्झिस्टिंग’ आणि फिल्टर ‘शो कम्प्लीट’. पाडकामासाठी टप्पा ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ आणि फिल्टर ‘शो प्रीव्हियस प्लस डेमो’. यात जुन्या भिंती करड्या, पाडायच्या तुटक आणि नव्या गायब. प्रस्तावित नकाशासाठी टप्पा तोच, फिल्टर ‘शो प्रीव्हियस प्लस न्यू’. यात जुनं करडं, नवं ठळक आणि पाडलेलं गायब. घरमालकाला दाखवायच्या नकाशात मात्र जुनं-नवं हा भेद नसलेलाच बरा, तिथे पुन्हा ‘शो कम्प्लीट’. बाथरूमची भिंत दीड फुटावर आणली की ज्या ज्या नकाशात ती दिसते, त्या सगळ्यांत आपोआप दीड फुटावर येते.

‘पाडकाम’ नावाचा तिसरा टप्पा मधे घालावा की नाही, यावर रेव्हिट वापरणाऱ्यांत कायम वाद असतो. बहुतेक नवखे तो घालतातच, कारण प्रत्यक्षात आधी पाडतात आणि मग बांधतात. पण तसं केलं की बांधकामाच्या टप्प्यापर्यंत त्या भिंती आधीच पडून गेलेल्या असतात, त्यामुळे पाडायचं आणि नवं एकाच नकाशात शेजारी शेजारी दाखवता येत नाही. रेव्हिट मुळात असं धरून चालतं की पाडापाडी हा त्या त्या टप्प्याचाच पहिला भाग आहे. फ्लॅटच्या कामाला दोन टप्पे पुरतात, असं माझं स्पष्ट मत आहे. पाडकामाचा ठेकेदार वेगळा असेल आणि मधे जागा काही महिने रिकामी पडणार असेल, तेव्हाच तिसऱ्याला अर्थ आहे.

पाडायचं हत्यार या सॉफ्टवेअरमध्ये हातोडीच्या चित्राचं आहे. ते उचललं की कर्सरही हातोडी होतो आणि ज्या भिंतीवर टिचकी माराल तिच्या दुसऱ्या नोंदीत चालू टप्पा लिहिला जातो. भिंत पुन्हा उभी करायची तर ती नोंद कोरी करायची, बस. कीबोर्डवरचं डिलीट मात्र वेगळं. डिलीट केलेली भिंत भूतकाळातूनही जाते. ‘आहे ती स्थिती’ दाखवणाऱ्या नकाशातही ती मग कधी नव्हतीच. उलटी गफलतही तितकीच नेहमीची आहे. नवी काढलेली प्रत्येक वस्तू ज्या नकाशात काढली त्याचा टप्पा घेते. बांधकामाच्या नकाशात बसून कोणी मोजमापावरून जुनं घर रेखाटलं, तर सगळा फ्लॅट कालच बांधल्यासारखा लागतो आणि एकेक भिंत निवडून तिची जन्मनोंद बदलावी लागते.

खरी कसोटी दारांपाशी लागते. भिंत पाडली तर तिच्यातलं दार तिच्याबरोबर जातं, यात नवल नाही. पण भिंत ठेवायची आणि दार तेवढं काढायचं असेल तर? मॉडेलमध्ये त्या जागी भगदाड राहून चालणार नाही, म्हणून रेव्हिट स्वतःच तिथे भिंतीचा एक तुकडा घालून ते बुजवतं. जुन्या भिंतीत नवं दार बसवलं की याच्या उलट होतं. दार नव्हतं त्या काळाच्या नकाशात भिंत सलग दिसायला हवी, म्हणून तिथे असाच तुकडा भरलेला असतो. तो कोणत्या प्रकारच्या भिंतीचा हे तपासायला विसरू नये. जुनी भिंत नऊ इंची विटांची आणि बुजवण ब्लॉकची असा फरक नकाशात नीट उतरला नाही, तर गवंडी हाताला येईल ते लावतो.

अर्धी भिंत पाडणं हा प्रकार रेव्हिटला थेट समजत नाही. तारखा संपूर्ण वस्तूला असतात, तिच्या तुकड्याला नाही. म्हणून आधी भिंत जिथे तोडायची तिथे दुभंगायची आणि मग एका तुकड्यावर हातोडी चालवायची. नुसतं प्लास्टर खरवडून नवं करायचं असेल तर भिंतीचे थर सुटे करून त्यांना वेगळा टप्पा देता येतो, पण एवढा उपद्व्याप थोडेच करतात. बहुतेक जण नकाशावर एक टीप लिहून मोकळे होतात, आणि ते योग्यच आहे. खोल्यांचं आणखी वेगळं. खोली ही एकाच टप्प्याची असते. ती पुढच्या टप्प्यात आपोआप जात नाही आणि तिला पाडताही येत नाही. भिंत पडली की हॉल आणि स्वयंपाकघर मिळून एक नवी खोली होते, तिची नोंद नव्याने करावी लागते. विचार केला तर हे बरोबर वाटतं. भिंत हलत नाही, खोली मात्र भोवतीचं काहीही बदललं की बदलते.

यादीपत्रकांनाही टप्पा आणि फिल्टर असतात, आणि तिथे पैशाचा प्रश्न येतो. फक्त पाडायच्या वस्तू दाखवणारा फिल्टर तयार करून घेतला की राबिट किती निघणार याचा आकडा सरळ हाती येतो. आपली स्वयंपाकघराची भिंत १० फूट लांब, ९ फूट उंच आणि प्लास्टरसकट ६ इंच जाड धरली तर ४५ घनफूट, म्हणजे साधारण सव्वा घनमीटर. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला १९०० किलोच्या आसपास धरलं तर एका भिंतीचं दोन टनांहून जास्त ओझं गोण्यांत भरून खाली न्यायचं आहे. तोडलं की ते फुगतं, तेव्हा गोण्यांचा अंदाज करताना घनफळ दीडपट धरलेलं बरं. सोसायटीची लिफ्ट त्यासाठी वापरू देणार का, हे आधीच विचारून ठेवावं.

हंगेरीच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्चीकॅडने दुसरी वाट घेतली. २०११ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीत त्यांनी नूतनीकरणाची सोय दिली, तिच्यात प्रत्येक वस्तूवर तीनपैकी एक शिक्का असतो. आहे, पाडायचं, नवं. सोबत तयार फिल्टर. टप्प्यांचं गणित नाही, त्यामुळे शिकायला तासभर पुरतो, आणि जुन्या भिंतीत नवं दार घातलं की तेवढा भिंतीचा भाग पाडकामाच्या नकाशात आपोआप दिसू लागतो. घर, दुकान, ऑफिस एवढ्यासाठी हे उत्तमच. पण चालू हॉस्पिटलचं काम असेल, आधी एक वॉर्ड हलवायचा, मग तिथे दुसरा आणायचा, मग तिसरा पाडायचा, तर तीन शिक्के अपुरे पडतात. पहिल्या टप्प्यातली नवी भिंत तिसऱ्या टप्प्यात पाडायची असते. तिथे दोन तारखांची पद्धत सरस ठरते.

दोन्ही सॉफ्टवेअरना एक गोष्ट आपणहून कळत नाही. भिंत कशाचा भार पेलते आहे हे त्यांना सांगावं लागतं. आरसीसी सांगाड्यातली साडेचार इंची पडदी आणि जुन्या चाळीतली किंवा वाड्यातली, वरच्या मजल्याचं ओझं घेणारी भिंत, दोघींवर हातोडी सारख्याच सहजतेने चालते. भिंत भारवाही आहे अशी नोंद करायची सोय रेव्हिटमध्ये आहे, पण ती नोंद पाडायला आड येत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. सोसायटीची एनओसी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही ही कागदं घरमालकांना कटकट वाटतात. पाडकामाचा नकाशा त्या सहीशिवाय साइटवर जाऊच नये.

जुन्या भिंतीची पहिली नोंद कितपत खरी, हाही प्रश्न आहेच. हल्ली लेझर स्कॅनरने जागा मोजतात. त्यातून लाखो बिंदूंचा ढग मिळतो आणि त्यावर भिंती बेतल्या जातात. स्कॅनरला दिसतो तो फक्त पृष्ठभाग. आत वीट आहे की दगड, लिंटेल लाकडाचं की लोखंडी पट्ट्यांचं, बीम कुठून गेला आहे, हे त्याला दिसत नाही. शिवाय जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते. मॉडेल करणारा तिला नकळत सरळ करून टाकतो, आणि नवं फर्निचर बसवायच्या दिवशी कोपऱ्यात दोन इंचांची फट निघते. संशय असेल तिथे प्लास्टर खरवडून पाहणं आणि मग मॉडेलमध्ये त्या भिंतीवर तशी टीप लिहिणं, याला पर्याय नाही.

वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल देवाणघेवाणीसाठी आयएफसी नावाचा खुला साचा वापरतात. त्यात भिंतीच्या सर्वसाधारण गुणधर्मांत ‘स्टेटस’ असा एक रकाना आहे. नवी, आहे ती, पाडायची, तात्पुरती. आणि ‘माहीत नाही’ असंही लिहायची मुभा आहे. जुन्या इमारतींच्या मॉडेलमध्ये हा शेवटचा पर्याय वापरलेला फारसा दिसत नाही, जरी तो कितीतरी ठिकाणी लागू पडत असला तरी.

काम संपलं की टप्प्यांच्या पद्धतीचा खरा फायदा सुरू व्हायला हवा. दहा वर्षांनी दुसरा कोणी आर्किटेक्ट तीच फाइल उघडेल, शेवटी एक नवा टप्पा जोडेल आणि आज ‘नवी’ असलेली बाथरूमची भिंत त्याला आपोआप ‘जुनी’ म्हणून करड्या रेषेत मिळेल. एक रेघही पुन्हा काढावी लागणार नाही. पण घरमालकाच्या हाती बहुतेक वेळा फाइल येत नाही, पीडीएफ येते, आणि तीही कामाच्या मधल्या कुठल्यातरी तारखेची. पुढचा आर्किटेक्ट टेप घेऊन पुन्हा पहिल्या भिंतीपासून मोजायला लागतो. फाइल हवी असेल तर करारातच तसं लिहून घ्यावं. पैसे देऊन झाल्यावर मागितली, तर सहसा मिळत नाही.